एका भोकाची बखर

भोक या शब्दाला मराठीत म्हणावी तशी प्रतिष्ठा नाही. बादलीला भोक पडतं, गंजीफ्रॉकला भोक पडतं, आणि महिन्याच्या पंचवीस तारखेला खिशालाच भोक पडलं आहे की काय अशी शंका यायला लागते. त्यातल्या त्यात मान आहे तो कानाच्या भोकाला; पण तोही ते सोनारानं टोचलं असेल तर. शिष्ट मंडळी भोकाला छिद्र म्हणतात. तेवढ्यानं त्याची अब्रू काही वाढत नाही. उलट, छिद्रं शोधणाऱ्या माणसाला छिद्रान्वेषी म्हणतात आणि अशा माणसाला सहसा कुणी चहाला बोलवत नाही. (आमच्या पुण्यात ही अडचण जाणवत नाही. इथं सगळेच छिद्रान्वेषी असल्यामुळं ज्यानं त्यानं आपापल्या घरी चहा प्यावा अशी प्रथा आहे.)

तरीसुद्धा या उपेक्षित वस्तूची बखर कुणीतरी लिहायलाच हवी. काही थोर माणसं भिंतीला, दाराला आणि पेटीला भोकं पाडून पलीकडे काय दिसतं ते बघत बसली नसती, तर जगात फोटो नावाची चीजच निघाली नसती. मग लग्नात फोटोग्राफरला नवरदेवापेक्षा जास्त मान मिळाला नसता, आणि 'गुरुजी, मंगळसूत्र परत एकदा!' अशी आज्ञा ऐकून भटजींना तेच मंगलकार्य दोनदा करावं लागलं नसतं. कॅमेऱ्याचा विषय निघाला की जाणकार लोक लेन्सबद्दल बोलायला लागतात. बोलू द्या. लेन्स मागाहून आली. आधी भोक होतं.

या भोकाची पहिली करामत आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी अंथरुणात पडल्यापडल्या पाहिलेली असते. तिला मराठीत कवडसा असं फार गोड नाव आहे. दोन कौलांमधली फट वेडीवाकडी, कुठं तिकोनी, कुठं मांजरांच्या मारामारीत झालेली. पण खाली पडणारा कवडसा बघावा तेव्हा गोल गरगरीत. याचं कारण तो गोल फटीचा नसतोच, सूर्याचा असतो. प्रकाश सरळ रेषेत चालतो. सूर्याच्या वरच्या कडेकडून निघालेला किरण फटीतून शिरून खाली जातो, खालच्या कडेचा वर जातो, उजवीकडचा डावीकडे, आणि जमिनीवर सूर्याचं उलटं चित्र उमटतं. सूर्य मुळातच गोल, त्यामुळं तो उलटा झाला तरी कळत नाही. (काही माणसांचंही असंच असतं.) भोकापासून जमीन जितकी लांब, त्याच्या साधारण शंभराव्या हिश्श्याएवढा कवडसा. म्हणजे दहा फुटांवरच्या कौलातून जुन्या रुपयाएवढा सूर्य घरात यायचा आणि दुपारभर मुक्काम करायचा.

तो सूर्यच असतो याचा पुरावा मला १९८० साली मिळाला. त्या वर्षी १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण होतं. कारवार, रायचूर या पट्ट्यात ते खग्रास दिसलं. पुण्यात खंडग्रासच, पण सूर्याचा बराच मोठा घास गेलेला. डोळे जातात या धास्तीनं रस्ते ओस पडले होते. आमच्या आजीनं तर ग्रहण दृष्टीलाही पडू नये म्हणून दुपारपासूनच बाहेरच्या खोलीची दारं-खिडक्या लावून घेतल्या, पिण्याच्या पाण्यात तुळशीपत्रं टाकली आणि आम्हां पोरांना अंधारात रांगेनं बसवून रामरक्षा म्हणायला लावली. पश्चिमेच्या खिडकीच्या फळीला एका निखळलेल्या खिळ्याचं भोक होतं. रामरक्षेचे पाचसहा श्लोक झाले असतील नसतील, तोच आजीच्या मांडीवरच्या पोथीच्या उघड्या पानावर सूर्य येऊन बसला. गोल नव्हे, चांगली ठळक, चतकोर भाकरीपेक्षाही बारीक कोर. आजीनं पोथी सरकवली, तर कोर तिच्या लुगड्यावर. ग्रहण दिसू नये म्हणून तिनं घर बंद केलं होतं, आणि घर बंद केल्यामुळंच ग्रहण घरात आलं होतं. 'मेलं पाठ सोडत नाही,' असं म्हणून तिनं त्याला नमस्कार केला. पण पोथी परत भोकासमोर धरली, आणि मोक्ष होईपर्यंत ती कोर भरत जाताना आमच्याइतक्याच उत्सुकतेनं पाहिली. रामरक्षा केव्हा थांबली हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

घरात अंधार करायचा, एक भोक ठेवायचं आणि समोर कागद धरायचा. आजीनं जे नकळत केलं तेच निरनिराळ्या देशांतल्या विद्वानांनी जाणूनबुजून केलं, एवढाच काय तो फरक. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकात मोझी नावाच्या तत्त्वज्ञानं आणि त्याच्या शिष्यांनी भोकातून पडणारं चित्र उलटं का असतं याचा उलगडा लिहून ठेवला. ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ग्रंथात, चौकोनी भोकातून आलेलं ऊन गोल का पडतं, असा प्रश्न विचारलेला आहे. उत्तर तितकंसं जमलेलं नाही, पण प्रश्न विचारून ठेवण्याचं काम मोठ्या माणसांनी करायचं असतं, ते त्यानं केलं. आपल्याकडे हंपीला विरूपाक्षाच्या देवळात एका अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर गोपुराचं उलटं चित्र पडतं. गाईड लोक तिला उलटी सावली म्हणतात आणि दहा रुपये जास्त घेतात. घेऊ देत. जगातल्या कुठल्याही फोटो स्टुडिओपेक्षा ती खोली जुनी आहे.

या बखरीतला खरा वीरपुरुष मात्र बसऱ्याचा. इब्न अल-हैथम हे त्याचं नाव, जन्म इ. स. ९६५ च्या सुमाराचा. नाईल नदीचा पूर आवरून दाखवतो, असं त्यानं कैरोच्या खलिफा अल-हाकिमला कळवलं म्हणे. प्रत्यक्ष नदी पाहिल्यावर हे काम आपल्या आवाक्यातलं नाही हे त्याला कळून चुकलं. खलिफा महालहरी. मान राहावी म्हणून या गृहस्थानं वेडाचं सोंग घेतलं, आणि १०२१ साली खलिफा नाहीसा होईपर्यंत तो आपल्याच घरात नजरकैदेत राहिला, अशी कथा सांगतात. सरकारी प्रकल्प अंगाशी आला की वेड पांघरायची ही युक्ती पुढं मागं पडली. हल्ली चौकशी समिती नेमतात. पण हा माणूस नुसता घरात बसण्यातला नव्हता. त्यानं भोकासमोर दिव्यांची रांग मांडली. भोकापलीकडे अंधारात जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके पडले. एक दिवा झाकला की त्याचा तेवढा ठिपका जाई, बाकीचे जागच्या जागी. म्हणजे इतक्या दिव्यांचे किरण एकाच भोकातून जातात, पण एकमेकांत मिसळत नाहीत, एकमेकांना धक्का मारत नाहीत. दादर स्टेशनच्या जिन्यावरून रोज जाणाऱ्या माणसाला या शोधाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

युरोपात हे लोण जरा उशिरा पोचलं. १५४४ सालचं सूर्यग्रहण लूव्हां गावी गेमा फ्रिसियस नावाच्या पंडितानं अंधाऱ्या खोलीत बसून पाहिलं आणि त्याचं चित्र पुढच्या वर्षी ग्रंथात छापलं. (आमच्या आजीची आणि त्याची पद्धत एकच, फक्त त्याच्याकडे रामरक्षा नव्हती.) १५५८ साली नेपल्सच्या देल्ला पोर्तानं, ज्यांना चित्रकला येत नाही त्यांनी हे भिंतीवरचं चित्र कागदावर गिरवून घ्यावं, असा सल्ला दिला. १६०४ साली केप्लरनं या प्रकाराला 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' असं भारदस्त लॅटिन नाव दिलं. कॅमेरा म्हणजे खोली आणि ऑब्स्क्युरा म्हणजे अंधारी. सरळ मराठीत सांगायचं तर अंधारकोठडी. पुढं खोलीची पेटी झाली, भोकात भिंग बसलं, आत बसलेला माणूस बाहेर आला. 'अंधारी' हा शब्द गळला आणि नुसती 'खोली' आपल्या गळ्यात अडकली.

इतकं सगळं झालं तरी मूळ दुखणं तसंच होतं. चित्र दिसत होतं, राहत नव्हतं. सूर्य ढळला की कवडसा गेला. त्याला धरून ठेवायचं कसं? १८०२ साली इंग्लंडात वेजवुड आणि डेव्ही या दोघांनी कागदाला आणि चामड्याला चांदीचा क्षार फासून त्यावर पानांची आणि काचेवरच्या चित्रांची छाप उठवली. फक्त ती टिकवता येईना. छाप उजेडात नेली की बाकीचा कागदही काळा पडायचा. म्हणून ती अंधारात लपवून ठेवायची आणि पाहायची झाली तर मेणबत्तीच्या उजेडात, तीही चटकन. पाहुण्यांना अल्बम दाखवत बसायची सोयच नव्हती. ही पद्धत टिकायला हवी होती, असं मला अनेक घरांतून बाहेर पडताना वाटलेलं आहे.

अखेर कवडसा पकडला तो चित्र काढता न येणाऱ्या एका माणसानं. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हा इंग्लंडातला खानदानी गृहस्थ, गणिती, पार्लमेंटचा सभासद. १८३३ च्या ऑक्टोबरात तो इटलीत कोमो सरोवराकाठी उतरला होता. बायको कॉन्स्टन्स समोरचा देखावा छान कागदावर उतरवते आहे, आणि हा बापडा लोलकाचं यंत्र लावूनसुद्धा नुसत्या रेघोट्या ओढतो आहे. नाचता येईना त्यानं अंगण वाकडं म्हणावं, ही जगाची रीत. टॅल्बटनं अंगणालाच नाचायला लावायचं ठरवलं. सरोवरानं आपलं चित्र आपणच काढावं!

घरी परतल्यावर त्यानं पत्र लिहायचा चांगला कागद घेतला, मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवला आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात फिरवला. मीठ म्हणजे आपलं स्वयंपाकातलंच. त्याच्या ध्यानात आलं की मीठ कमी असलं तर कागद उजेडात भराभर काळा पडतो, आणि मीठ जास्त झालं तर काळा पडायचं जवळजवळ थांबतोच. म्हणजे फोटो उठवायला अळणी कागद आणि टिकवायला खारट. आमच्या घरात आमटी या दोन्ही अवस्थांतून जाते, पण त्यातून शोध लागल्याचं ऐकिवात नाही.

मग त्यानं लहान लहान लाकडी पेट्या करवल्या, त्यांना भिंगं बसवली, आत हा कागद लावला आणि त्या लेकॉक गावच्या आपल्या वडिलोपार्जित वाड्याभोवती जागोजागी मांडून ठेवल्या. कॉन्स्टन्स त्यांना उंदरांचे सापळे म्हणायची. जगातल्या समस्त बायकांनी नवऱ्यांच्या छंदांना जी नावं ठेवली, त्यांत हे नाव मला सर्वांत नेमकं वाटतं. कारण खरोखरच त्यांत उजेड जाऊन अडकत होता. १८३५ च्या ऑगस्टात असाच वाड्याच्या जाळीदार खिडकीचा फोटो सापळ्यात सापडला. टपालाच्या तिकिटाएवढा. टॅल्बटनं शेजारी टिपण करून ठेवलं की भिंग लावून पाहिलं तर खिडकीच्या सुमारे दोनशे काचा मोजता येत होत्या. कॅमेऱ्यातून निघालेली, आज शिल्लक असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती हीच. फिल्म नाही, काच नाही, साधा कागद.

एवढं करून हा गृहस्थ गप्प बसला. साडेतीन वर्षांनी, ७ जानेवारी १८३९ ला, पॅरिसमध्ये दागेरच्या शोधाची घोषणा झाली तेव्हा तो दचकून जागा झाला आणि त्या महिन्याच्या अखेरीस त्यानं आपलेही कागद विद्वानांपुढं ठेवले. दागेरचा फोटो चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर, आरशासारखा लखलखीत. पण एकुलता एक. टॅल्बटचा कागदी फोटो जरा धुरकट, पण एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढा आणि आत्या, मावशी, व्याही सगळ्यांना वाटा. मिठाची उणीव त्याचा मित्र हर्शेल यानं हायपो सुचवून भरून काढली. पुढची दीडशे वर्षं जग टॅल्बटच्याच वाटेनं गेलं.

ही कागदी निगेटिव्ह आपल्या मुलखातही आली. कॅप्टन लिनियस ट्राइप या अधिकाऱ्यानं १८५८ साली तंजावरच्या बृहदीश्वराच्या पायथ्याचा शिलालेख मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हांवर टिपला आणि २१ तुकडे सांधून सुमारे १९ फुटांचा एकच फोटो केला. याच देवळात सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत दगडावर खोदवून घेतलेला आहे. इतिहास दगडावर लिहायचा आणि तो दगड कागदावर आणायचा, हे दोन्ही उद्योग एकाच आवारात अर्ध्या शतकाच्या अंतरानं झाले.

दरम्यान भोकाला सगळे विसरले होते. भिंगं सुधारत गेली, फोटो इतके लख्ख यायला लागले की माणसाच्या चेहऱ्यावरचा देवीचा व्रण मोजून घ्यावा. अशा वेळी १८९० साली लंडनच्या प्रदर्शनात जॉर्ज डेव्हिसन नावाच्या फोटोग्राफरनं कांद्याच्या शेतापलीकडच्या घरांचा एक मऊसूत, धूसर फोटो लावला. भिंग काढून टाकून, निव्वळ भोकातून घेतलेला. त्याला चक्क पदक मिळालं! भिंगवाल्यांचा जळफळाट झाला. हाच डेव्हिसन पुढं कोडॅक कंपनीच्या लंडन शाखेचा मॅनेजिंग डायरेक्टर झाला, आणि त्यातही सरकारच नको म्हणणारा अराजकवादी निघाल्यामुळं त्याला १९१२ साली संचालकपद सोडावं लागलं. भोकातून जग पाहणाऱ्याला कंपनीच्या चौकटीत बसणं अवघडच.

पण कागदाच्या कॅमेऱ्याचा अस्सल मान चेकोस्लोव्हाकियाचा. १९७९ साली तिथल्या मुलांच्या एका विज्ञान मासिकात आख्खा कॅमेराच छापून आला. कॅमेऱ्याचा फोटो नव्हे, कॅमेरा! जाड कागदावर छापलेले भाग कातरीनं कापायचे, घडी घालायची, डिंकानं चिकटवायचे, सुईनं भोक पाडायचं, आत साधी पस्तीस मिलिमीटरची फिल्म भरायची. नाव ठेवलं 'डिरकॉन'. चेक भाषेत भोकाला 'दिर्का' म्हणतात. त्याला निकॉनचं शेपूट जोडलं. महागड्या परदेशी कॅमेऱ्याची हौस त्यांनी दोन आण्यांच्या शाब्दिक कोटीवर भागवली, आणि त्या कॅमेऱ्यानं फोटोही निघत. आमच्याकडे त्या काळात बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक थ्री गल्लीत एखाद्याकडे असायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यांत गणपती, दिवाळी, एक मुंज आणि महाबळेश्वर बसवायचं. बटण दाबण्यापूर्वी घरात बैठक होई.

म्हणूनच आमच्या पुतणीनं काही वर्षांपूर्वी बुटाच्या खोक्याचा कॅमेरा करायला घेतला तेव्हा मी तिच्या बाजूनं उभा राहिलो. ती चित्रकलेच्या कॉलेजात. खोक्याला आतून काळा कागद, थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्याचा तुकडा, त्याला दहा नंबरच्या सुईनं भोक, कडा बारीक पॉलिश पेपरनं घासलेल्या. भोक अर्ध्या मिलिमीटरहून किंचित लहान. लॉर्ड रॅली या शास्त्रज्ञानं (पुढं १९०४ साली त्याला नोबेल मिळालं) अशा भोकाचं माप गणितानं बसवून दिलेलं आहे. कागद चार इंचांवर असला तर एवढंच भोक हवं. मोठं झालं तर चित्र ढोबळ, फार लहान झालं तर उजेड भोकाच्या कडेला पसरून चित्र उलट धूसरच. संसारातल्या गोष्टींना अशी मापं रॅलीनं काढून दिली असती तर बरं झालं असतं.

आत फिल्मऐवजी ब्रोमाइड पेपर. हा कागद आळशी असतो; भर उन्हातसुद्धा त्याला अर्धा-एक मिनिट लागतं. हिवाळ्यातल्या सकाळी गच्चीवर सगळं कुटुंब मांडलं. मध्ये आई खुर्चीत. तेव्हा तिनं ऐंशी ओलांडली होती. मागं दादा, वहिनी, आमची ही, बाजूला पोरं.

"काका, साठपर्यंत मोजा. आणि कुणी हलू नका!" असं म्हणून पुतणीनं भोकावरची पट्टी काढली.

साठ सेकंद हा किती मोठा काळ असतो हे मला त्या दिवशी समजलं. पंधराला दादाचा मोबाईल वाजला. बावीसला पोरांपैकी एकाला खाज सुटली. तिसाला वहिनींना कुकरची आठवण झाली. हिनं पंचेचाळिसाव्या सेकंदाला माझा मोजण्याचा वेग चुकतो आहे असं सुचवलं. आई मात्र हात मांडीवर ठेवून भोकाकडे पाहत बसली होती. तिच्या लहानपणी फोटोसाठी असंच बसवायचे.

पेठेतल्या एका जुन्या स्टुडिओवाल्याकडे अजून डार्करूम होती. तिथल्या लाल दिव्याखाली ताटलीत कागद हलवता हलवता चित्र वर आलं. दादाला तीन डोकी आली होती आणि मान नव्हती. वहिनींच्या जागी धुकं. पोरांपैकी एकजण तर कागदावर आलाच नव्हता, कारण तो फोटोभर पळत होता. भोकाचा हा कायदा मला फार आवडला. तुम्ही कोण आहात, कसे दिसता, कपडे काय घातलेत याच्याशी त्याला कर्तव्य नाही. जो थांबला तो कागदावर आला. आणि त्या सगळ्या भुताटकीत मधोमध आई, लुगड्याच्या चुण्यांसकट, एकटी स्पष्ट.

अर्थात सगळं उलट्या रंगात, निगेटिव्हच ती. पुतणी म्हणाली, "आजी, थांब, याच्यावरून आता सरळ फोटो छापते."

आईनं कागद डोळ्यांजवळ धरला. पांढऱ्याचं काळं झालं होतं, त्यामुळं तिचे केस अगदी कुळकुळीत. चाळीस वर्षांनी परत आलेले.

"नको गं," ती म्हणाली, "हाच राहू दे. तोंड काळं झालं ते झालं, पण केस बघ किती छान आलेत."

तो कागद तिनं लोखंडी कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला. दोन वर्षांनी ती गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून सगळ्यांचे मोबाईल गोळा केले. हजारो फोटो निघाले. एकात आईचा खांदा, एकात वाढणारा हात, एकात केकच्या मागं अर्धा चेहरा, कितीतरींत मिटलेले डोळे. आम्ही कुणी तिच्यासमोर एक मिनिट थांबलोच नव्हतो. शेवटी पुतणीनं कपाटातला तो कागद काढला, त्याच स्टुडिओवाल्याकडून सरळ प्रत छापून आणली आणि चौकट केली. मूळ कागद आईनं ठेवला होता तिथंच, साड्यांच्या घडीखाली परत गेला.

दिवसकार्याला मुंबईचे आमचे एक मेव्हणे आले होते. फोटोग्राफीतले दर्दी. फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मग हळू आवाजात त्यांनी पुतणीला विचारलं, "कुठला कॅमेरा गं? किती मेगापिक्सेलचा?"

"बुटाचं खोकं," पुतणी म्हणाली, "आणि एक भोक."